परवाना हातात येईपर्यंत

जयराज साळुंख्यानं खंडोबाच्या देवळात बेल-भंडारा उचलला तो चारचौघांत उचलला, तिथंच त्याचं चुकलं. आमच्याकडे अशी शपथ घरात बसून घेता येत नाही. गुरव घंटा वाजवतो, पाच पंच पायरीवर बसतात, देवापुढचा बेल आणि हळद ओंजळीत धरून माणूस बोलतो, आणि एकदा बोलला की ते बोलणं सगळ्या गावाचं होतं. गावात वैरीही राहतो, हे जयराजच्या ध्यानात आलं नाही. तो आधी हात टाकायचा आणि विचार मागाहून करायचा.

त्या हाताची मोठी ख्याती होती. पलटणीची नोकरी पुरी करून तो मोरवड्याला परतला तेव्हा लोकांना वाटलं, गडी शिस्त घेऊन येईल. आणलीच त्यानं, फक्त ती दुसऱ्यांना लावायला. कारखान्याच्या काट्यावर उसाची ट्रॉली मधे घुसवली म्हणून रहिमतपूरच्या एका ड्रायव्हरचा जबडा त्यानं एका ठोशात निखळवला. त्या ठोशापायी साताऱ्याच्या कोर्टात वर्षानुवर्षं हेलपाटे झाले. बायको क्रांती डबा घेऊन बाकड्यावर बसून राहायची आणि वकील पुढची तारीख सांगून जायचा. शेवटी तडजोड होऊन केस मिटली, त्या दिवशी कोर्टाच्या आवारातच क्रांती त्याला म्हणाली, "आवं, पुन्हा ह्यो हात कुणावर उठला तर मी सांगलीला म्हायेरी जाईन. न्यायला येऊ नगा. मी येणार न्हाई."

क्रांती उगाच बोलणारी बाई नव्हती. जयराजला जगात फक्त तिचीच भीती वाटायची, आणि तिच्यावर जीवही तेवढाच होता. तिच्याशिवायचं घर त्याला नुसतं मनात आणलं तरी सोसायचं नाही.

साळुंख्यांची चांगली काळी जमीन धरणात गेली होती. वर माळ मिळाला होता, त्यात कुसळं उगवायची. पण जयराज पलटणीत नदीवर पूल बांधणाऱ्या तुकडीत होता, इंजिनाच्या होड्या त्यानं पाण्यात, चिखलात, बर्फात चालवल्या होत्या. शनिवार-रविवारी धरणावर पुण्या-मुंबईची माणसं फिरायला येत. तेव्हा त्यानं ठरवलं की आपली एक छोटी होडी घ्यायची आणि लोकांना आपल्याच बुडालेल्या रानावरून फिरवून आणायचं. क्रांतीचा भाऊ उदयसिंह सांगलीला कृष्णेतल्या होड्यांच्या शर्यतीत वल्हं मारायचा, त्यानं सहा माणसांची फायबरची होडी शोधून दिली. टेम्पोत घालून ती मोरवड्याला आली तेव्हा जयराजला वाटलं, पाण्यात सोडली की झालं. पाण्यात कुठं आरटीओ असतो?

असतो. चांगला घसघशीत असतो. पाटबंधारे खात्याचा ना हरकत दाखला लागतो. ग्रामपंचायतीचा ठराव लागतो. विमा लागतो, माणशी एक लाइफ जॅकेट लागतं, बुडत्याकडे फेकायचा फुगा लागतो, आग विझवायचा सिलेंडर लागतो. ज्या होडीनं जन्मात समुद्र बघायचा नाही तिची नोंद करायला घाट उतरून कोकणात बंदर खात्याच्या हापिसात जावं लागतं. होडीचा वेगळा दाखला, चालवणाऱ्याचा वेगळा, आणि दर कागदाला वेगळं चलन. मग सर्व्हेअर येऊन होडी बघणार, पाण्यात फिरवणार, आणि तो हो म्हणाला तर परवाना. एवढं करून धरण म्हणजे सरकारी संरक्षित जागा, म्हणून होडीच्या मालकाची आणि चालवणाऱ्याची पोलीस पडताळणी आलीच.

होडी क्रांतीच्या नावावर घेतली होती. तिच्या नावाला कधी कुणी बोट लावलं नव्हतं. चालवणारा म्हणून मात्र जयराजचंच नाव होतं. फौजदारानं दोघांना समोर बसवून स्पष्ट सांगितलं, "साळुंखे, जुनी केस मिटली आहे, मी चांगला शेरा देतो. पण परवाना निघेपर्यंत तुमच्या दोघांपैकी कुणाच्याही नावावर साध्या मारामारीची जरी नोंद आली तरी फाइल परत जाणार. मग माझ्याकडे येऊ नका."

सगळ्यात आधी हवा होता ग्रामपंचायतीचा ठराव. तिथं दादासो आडवा आला.

दादासो म्हणजे धक्क्यावरच्या बोटक्लबचा चेअरमन, आणि ग्रामपंचायतीतही मेंबर. क्लबच्या डझनभर होड्या पाळीनं चालत आणि प्रत्येक फेरीमागं दादासोचा वाटा निघे. यातल्या एकाही होडीला कागद नव्हता. पाटबंधाऱ्याचा चौकीदार काही विचारत नव्हता, पर्यटक तर होडी डुलली तरी खूश होऊन फोटो काढत. असं सगळं सुरळीत चाललेलं असताना एक माणूस कागद करायला निघतो म्हणजे काय? उद्या सर्व्हेअर गावात येणार, आणि आल्यावर डोळे मिटून बसणार नाही, हे दादासोला बरोबर कळत होतं. आधी त्यानं जयराजला क्लबात ओढून बघितलं. जयराज म्हणाला, "तुमच्या पाळीत उभं ऱ्हायला मी काय रेशनला आलोय?" झालं, तिथून पेटलं.

ग्रामसभेत दादासो उभा राहिला आणि अगदी काकुळतीला येऊन म्हणाला, "ठराव द्यायला आमची ना न्हाई. पर धक्क्यावर बायाबापड्या येत्यात. ह्या जयराजचा हात कवा उठंल त्याचा भरवसा काय? कोण जामीन ऱ्हातंय सांगा."

जामीन राहायला कुणी उठलं नाही. जयराजच उठला, दादासोच्या अंगावर जाणार तोच मागून क्रांती खाकरली. तो जागच्या जागी थांबला आणि म्हणाला, "मी बेल-भंडारा उचलतो. मग तर झालं?"

लगोलग सगळी ग्रामसभा देवळात गेली. कोंडीबा गुरवानं घंटा वाजवली. पाच पंचांत दादासो स्वतः बसला. जयराज ओंजळ पुढं करून म्हणाला, "होडीचा परवाना हातात येस्तोवर ह्या गावात माझा हात कुणावर उठणार न्हाई. उठला तर माझं वाटोळं होऊ दे." कोंडीबानं त्याच्या कपाळाला हळद लावली. क्रांतीच्या डोळ्यांत पाणी आलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आज आपल्याला खरा नवरा मिळाला असं तिला वाटलं आणि तिनं घरी जाऊन पुरणपोळी केली. दादासोनं ठरावावर सही केली. त्यालाही आज काहीतरी मिळालं होतं.

दुसऱ्याच दिवशी जयराज धक्क्यावर होडीला नंबराची जागा आखत बसला होता. दादासो आला, त्याच्याबरोबर अमृत. अमृत क्लबच्या होड्या चालवायचा. गावच्या तालमीत त्यानं पहिला डाव जयराजकडून घेतला होता, आणि अजून त्याला दादा म्हणायचा. दादासो म्हणाला, "अमृत, हाण त्याच्या कानाखाली."

अमृतला वाटलं चेष्टा आहे. तो हसला. दादासो हसला नाही. "तुझी होडी उद्यापासनं बंद करू का?" त्यानं विचारलं.

अमृतनं हाणली. हळूच हाणली, तरी धक्क्यावरची सगळी माणसं वळून बघायला लागली. जयराज उठून उभा राहिला. त्याची मूठ वळली, खांदा मागं गेला, आणि तिथंच अडकला. त्यानं दोन्ही हात पाठीमागं नेले आणि एका हातानं दुसऱ्याचं मनगट धरलं. दादासोनं डोळे भरून हे बघितलं. मग तो स्वतः पुढं झाला आणि सगळं बळ लावून जयराजच्या तोंडात मारली. ओठ फुटला. जयराज थुंकला, खाली बसला आणि पेन्सिलीची रेघ पुढं ओढायला लागला, पण रेघ काही सरळ येईना.

एकदा गावाला कळलं की जयराज उलटा मारत नाही, मग काय विचारता. ज्यांच्या ज्यांच्या कानशिलावर त्याचा हात कधीकाळी पडला होता त्या सगळ्यांना एकदम आठवण झाली. कुणी शाळेत असताना मार खाल्लेला, कुणी बांधावरून, कुणी निवडणुकीत. येता जाता कुणी टपली मारी, कुणी पेकाटात लाथ घाली. चहाच्या टपरीवर एकानं गरम चहा त्याच्या छातीवर ओतला आणि वर म्हणाला, "राग न्हाई ना रं आला, गड्या?" बाजारच्या दिवशी भावकीतल्या दोघांनी त्याला शेणात लोळवला. माणसं अशी का वागतात असं कुणी विचारील. फुकटात मिळालं की वागतात, दुसरं काही कारण नसतं. ज्यानं आयुष्यभर दुसऱ्यांना हाणलं त्याच्यासाठी आपण जिवाला लावून घ्यावं, असंही कुणाला वाटलं नाही.

तो पोलिसांत का गेला नाही? गेला होता. ठाणे अंमलदार म्हणाला, तक्रार घेतो, पण तुम्ही तक्रार दिली की ते उलटी तक्रार देणार, आणि मग दोन्हीकडच्यांची नावं रजिस्टरला. जयराज मुकाट्यानं परत आला.

कागद मात्र एकेक पुढं सरकत होते. पाटबंधाऱ्याचा दाखला आला. विम्याचा आला. जयराज सुजलेल्या डोळ्यानं कोकणात उतरून चालकाची परीक्षा देऊन आला. तिथल्या साहेबानं विचारलं, तोंडाला काय झालं? तो म्हणाला, घाटात गाडीवरनं पडलो. सरावानं त्याला आता असं बोलता येत होतं.

श्रावणाच्या शेवटी दादासोची चार माणसं पहार घेऊन आली, आणि या खेपेला होडीकडे गेली. काठावर पालथी घातलेली होडी, तिच्यावर क्रांतीनं आदल्याच दिवशी पांढऱ्या रंगाचा हात दिला होता. जयराज धावत आला आणि होडीवर आडवा झाला. हात उचलायचा नव्हता, पण अंग घालायला कुठं बंदी होती? त्यांनी पहारीच्या बोथट बाजूनं त्याच्या बरगड्या ठेचल्या. तो होडीच्या कडा धरून पडून राहिला. बोटांवर मारलं तेव्हा कडा सुटल्या. मग त्यांनी त्याला पायाला धरून बाजूला ओढलं आणि होडीच्या तळाला पहारीनं भोसकलं. फायबर फाटताना लाकूड चिरल्यासारखा आवाज झाला. जयराज चिखलात तोंड घालून पडला होता, त्याच्या घशातून एक आवाज निघत होता आणि तो रडण्याचा नव्हता.

क्रांतीनं आणि उदयसिंहानं त्याला मिरजेच्या एका दवाखान्यात नेलं. तीन बरगड्या गेल्या होत्या, डाव्या हाताची दोन बोटं मोडली होती. डॉक्टर गेल्यावर क्रांती खाटेवर बसली.

"सोडा त्यो परवाना," ती म्हणाली. "होडी इकून टाकू. माळावर शेळ्या पाळू."

"आता सोडू? एवढं खाऊन?"

"मग भंडारा उतरवा. एकदा द्या त्यास्नी हिसका. मी म्हायेरी जाणार न्हाई, माझा शब्द माघारी घेते."

जयराजनं हसायचा प्रयत्न केला पण बरगडीत कळ आली. "क्रांती, मला वाटायचं हाणणं लय अवघड. सोसणं त्याच्या वरताण हाय. आजवर मला ही ताकद म्हाईतच नव्हती."

हे ऐकून क्रांतीला बरं वाटायला हवं होतं. उलट नवऱ्याला माराची चटक लागलीये असं तिला वाटलं. पूर्वी तो ज्या इरेला पेटून मारायचा त्याच इरेला पेटून आता खात होता. बदललेलं काहीच नव्हतं, फक्त रक्त त्याचं सांडत होतं आणि धुवायला ती होती.

गावी आल्यावर ती एकटीच देवळात गेली. कोंडीबा ओटा झाडत होता. "मामा, त्यांचा भंडारा मी उतरवला तर?"

"पोरी, ज्यानं उचलला त्यानंच उतरवायचा," कोंडीबा म्हणाला. "तुझ्या हाताला त्यो भंडारा लागलेला न्हाई. तू मोकळी हायस."

ती घरी आली आणि लोट्यात फायबरचा लगदा कालवायला लागली. उदयसिंहानं सांगलीहून सामान आणून दिलं होतं. भोक तिनं स्वतः बुजवलं, घासलं, रंगवलं. जयराजची बोटं बांधलेली असल्यामुळे होडीच्या दोन्ही अंगांवरचे नंबरही तिनंच काढले. दादासोच्या माणसांनी लांबून बघितलं, पण बाईच्या वाटेला कुणी गेलं नाही.

दिवाळीनंतर सर्व्हेअर आला. शांत माणूस, बुटाला चिखल लागू न देता चालणारा. त्यानं तळाला टकटक करून बघितलं, जॅकेटं मोजली, दोर ओढून बघितले, सिलेंडरची तारीख वाचली आणि तो लाल सिलेंडर धक्क्याच्या पायरीवर ठेवला. मग होडीत बसला. जयराजनं इंजिन सुरू केलं. मोडलेल्या बोटांनी का असेना, त्यानं होडी अशी वळवली, अशी सरळ नेली आणि अशी हळूच धक्क्याला लावली की सर्व्हेअरच्या हातातल्या ग्लासातलं पाणी हिंदकळलं नाही. क्रांती काठावर उभी होती. कित्येक महिन्यांनी तिला आपला नवरा सुखानं काहीतरी करताना दिसला.

"ठीक आहे," सर्व्हेअर उतरून म्हणाला. "मी मंजुरीचा शेरा मारतो. परवाना आठवड्याभरात पोस्टानं येईल." मग तो वळला. धक्क्याला क्लबच्या होड्या लागल्या होत्या, एकीवरही नंबर नाही, जॅकेट नाही. त्यानं विचारलं, "या कुणाच्या?"

दादासो पुढं झाला, नमस्कार केला, नारळपाणी मागवलं. सर्व्हेअरनं नारळपाणी घेतलं नाही. सगळ्या होड्यांचे फोटो मात्र घेतले. "उद्यापासून यातली एकही पाण्यात दिसता कामा नये. मी कळवतो आहे," असं म्हणून तो गाडीत बसून गेला.

गाडीचा धुरळा खाली बसला. दादासोचा चेहरा राखेसारखा झाला होता. एवढ्या वर्षांचं राज्य एका बुटक्या माणसानं नारळपाण्याला नाही म्हणत बुडवलं होतं. तो जयराजकडे वळला. जयराज दोर बांधत होता, पाठमोरा. परवाना आठवड्यानं येणार, म्हणजे शपथ अजून आठवडाभर जिवंत होती. हे दादासोला ठाऊक होतं आणि जयराजलाही.

दादासोनं जवळच्या होडीतलं वल्हं उचललं आणि जयराजच्या पाठीत घातलं. जयराज गुडघ्यावर आला. दुसरा घाव खांद्यावर, तिसरा मानेवर. वल्हं मोडलं. "उठीव हात," दादासो किंचाळत होता. "उठीव की रं. मर्द असशील तर उठीव." जयराजनं सवयीनं हात पाठीमागं नेले आणि मनगट धरलं. दादासोनं त्याच्या केसांना धरून त्याला धक्क्याच्या पायरीवरून खाली ओढलं आणि त्याचं डोकं पाण्यात दाबलं.

क्लबची माणसं बघत राहिली. अमृत म्हणाला, "दादासो, सोडा आता, मरंल त्यो." दादासोनं ऐकलं नाही. पाण्यावर बुडबुडे आले. जयराजचे पाय पायरीवर झडत होते, पण हात पाठीवर तसेच बांधलेले होते, एकमेकांत. त्याला सोडवायचं असतं तर एका झटक्यात सोडवता आलं असतं. क्रांतीनं ते हात बघितले. बुडबुडे कमी झाले, तरी ते सुटले नाहीत. हा माणूस जीव देईल पण हात सोडणार नाही, हे तिला त्या क्षणी लख्ख कळलं, आणि असा संताप तिच्या अंगात कधी उठला नव्हता. तो दादासोवर होता, नवऱ्यावर होता, खंडोबावर होता आणि त्या दिवशी पुरणपोळी केलेल्या स्वतःवरही होता.

पायरीवर लाल सिलेंडर उभा होता. तिनं तो दोन्ही हातांनी उचलला आणि दादासोच्या डोक्यात घातला. दादासो वळायला गेला. तिनं पुन्हा घातला. या वेळी कवटी फुटल्याचं सगळ्यांनी ऐकलं. तो जयराजच्या अंगावरून घसरत पाण्यात गेला आणि त्याच्याभोवतीचं पाणी तांबडं व्हायला लागलं. ती तिसऱ्यांदा सिलेंडर उचलून उभी राहिली, पण मारायला समोर कुणी उरलं नव्हतं.

अमृतनं आणि दुसऱ्या दोघांनी आधी जयराजला बाहेर काढलं, उताणा केला, पोट दाबलं. तो ओकला, खोकला आणि श्वास घ्यायला लागला. मग त्यांनी दादासोला काढलं. दादासोची मान लुळी पडली होती. त्याच्यावर कुणीतरी होडीवरची ताडपत्री घातली.

फौजदार आला तेव्हा क्रांती पायरीवर बसली होती, सिलेंडर मांडीवर. जयराज धडपडत उठला, फौजदाराच्या पुढं जाऊन उभा राहिला. ओल्या कपड्यांतून पाणी आणि रक्त ठिबकत होतं.

"साहेब, मी मारलं," तो म्हणाला. "दादासोला मी मारलं. मला घ्या."

फौजदारानं त्याच्याकडे बघितलं, मग क्रांतीकडे, मग जमलेल्या माणसांकडे. "कुणी बघितलं?"

एरवी पोलीस बघितले की मोरवड्याच्या माणसांना दिसत नाही आणि ऐकू येत नाही. आज सगळ्यांना बोलायचं होतं. कोंडीबा गुरव काठी टेकत पुढं आला. "साहेब, त्यो खोटं बोलतोय. त्यानं बेल-भंडारा उचललाय, मीच हळद लावलीया. परवाना येस्तोवर त्याचा हात उठायचा न्हाई."

"व्हय साहेब," टपरीवाला म्हणाला. "म्या सोताच्या डोळ्यांनी बघितलंय. त्याच्या छाताडावर उकळता च्या वतला तरी उठला न्हाई."

"आमी शेणात लोळवला त्येला," भावकीतला एकजण म्हणाला. सांगताना त्याची मान खाली गेली. "तवाबी न्हाई उठला."

एकेक पुढं येऊन सांगायला लागला. ज्यानं लाथ घातली होती त्यानं लाथ सांगितली, ज्यानं पहार चालवली होती त्यानं पहार सांगितली. इतके दिवस ज्याची लाज वाटली नव्हती ते सगळं आता साक्ष म्हणून बाहेर पडत होतं, आणि प्रत्येकजण मनापासून जयराजचं भलंच करत होता. एका माणसाला फासातून सोडवतोय असं त्यांना वाटत होतं.

"साहेब, मी मारलं हो," जयराज ओरडला. "मला त्यो परवाना नगं. मला बेडी घाला."

क्रांती उठली. तिनं सिलेंडर हवालदाराच्या हातात दिला. "आवं, गप ऱ्हावा," ती नवऱ्याला म्हणाली. तिचा आवाज अगदी घरातला होता. "तुमचा हात उठला न्हाई. उठला असता तर माझा उठायची येळ आली नसती." मग फौजदाराला म्हणाली, "मी मारलं. दोनदा मारलं. चला."

जीपचं मागचं दार उघडलं. ती चढायला लागली तेव्हा जयराजचं भान सुटलं. त्यानं भोवती बघितलं, सगळ्यात जवळ अमृत उभा होता. जयराजनं हात उचलला. महिनोन्महिने पाठीमागं धरलेला तो हात सगळ्या गावासमोर वर गेला आणि अमृतच्या तोंडावर असा पडला की अमृत दोन पावलं मागं जाऊन बसला. नाकातून रक्ताची धार लागली.

"बघा," जयराज फौजदाराकडे वळून म्हणाला. तो आता ढसाढसा रडत होता. "उठतोय का न्हाई? बघा साहेब, उठतोय. मोडला मी भंडारा. मीच मारलंय दादासोला."

फौजदारानं डायरी मिटली. अमृत उठला. त्यानं नाक पुसलं नाही, उलटून शिवीही दिली नाही. तो जयराजच्या पुढ्यात येऊन उभा राहिला आणि तोंड पुढं केलं.

"मार दादा, अजून मार," तो म्हणाला. "पर वहिनी त्यानं सुटायची न्हाई."

जीप सुरू झाली. जयराजनं पुन्हा हात उचलला, आणि धक्क्यावरच्या एकाही माणसानं अंग चोरलं नाही.